पोलंडच्या न्यायालयांचा वाद आणि घटनेतील एक मोकळी जागा

पोलंडमधील न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून २०१५ नंतर पेटलेल्या वादाचे मूळ १९८९ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वॉर्सा येथे सरकार आणि विरोधक यांच्यात झालेल्या गोलमेज वाटाघाटींपर्यंत जाते. त्याआधीच्या साम्यवादी राजवटीला सत्ताविभाजन हे तत्त्वच मान्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयात नेमणूक पाच वर्षांपुरतीच होई, आणि फेरनेमणूक कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे हे न्यायाधीशाला सांगावे लागत नसे. १९८६ पासून संवैधानिक न्यायाधिकरण काम करू लागले खरे; पण त्याने घटनाबाह्य ठरवलेला कायदा दोन-तृतीयांश बहुमताने तसाच ठेवण्याचा संसदेचा अधिकार साम्यवादी राजवट गेल्यावरही १९९९ पर्यंत टिकून राहिला.

गोलमेज समझोत्यानुसार डिसेंबर १९८९ मध्ये राष्ट्रीय न्यायपालिका परिषद स्थापन झाली आणि तिने शिफारस केलेल्या व्यक्तींनाच राष्ट्राध्यक्षांनी न्यायाधीश नेमावे असे ठरले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालय नव्याने घडवण्यात आले. सॉलिडॅरिटी या राजवटविरोधी कामगार संघटनेशी असलेल्या संबंधामुळे १९८१ च्या लष्करी कायद्यानंतर न्यायाधीशपद गमावलेले अ‍ॅडम स्ट्शेम्बोश त्याचे प्रमुख झाले. खालच्या न्यायालयांतील जुने न्यायाधीश मात्र बहुतांशी जागेवरच राहिले, कारण न्यायपालिका स्वतःच स्वतःला शुद्ध करील असा स्ट्शेम्बोश यांचा विश्वास होता. तो भाबडा होता असे आज म्हणणे सोपे आहे. परंतु पूर्व जर्मनीत काढून टाकलेल्यांच्या जागी पश्चिमेकडून न्यायाधीश आणता आले, तशी सोय पोलंडला नव्हती.

खरी फट राहिली ती १९९७ च्या राज्यघटनेत. परिषदेच्या २५ सदस्यांपैकी १५ जण ‘न्यायाधीशांमधून’ निवडले जातील असे तिच्या १८७ व्या कलमात म्हटले आहे, पण ते कोणी निवडायचे हे स्पष्ट केलेले नाही. न्यायाधीशच निवडतात हे सर्वांनी गृहीत धरले आणि वीस वर्षे तसेच चालले. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ही निवड सेय्मकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेली. तेव्हापासून या परिषदेच्या शिफारशीने नेमलेल्या न्यायाधीशांचे निकाल कितपत ग्राह्य, हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे वारंवार आला.

२०२३ मध्ये सत्तांतर झाल्यावर निवडीचा अधिकार न्यायाधीशांना परत देणारा कायदा संसदेने २०२४ मध्ये संमत केला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डुडा यांनी त्यावर स्वाक्षरी न करता तो संवैधानिक न्यायाधिकरणाकडे पाठवला, आणि त्या न्यायाधिकरणाची रचनाच २०१५ पासून वादग्रस्त आहे.