प्लास्टिक मिश्रणे : प्रक्रियेचा गुणधर्मांवरील परिणाम

दोन किंवा अधिक पॉलिमर (लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे पदार्थ) वितळवून घोटले की प्लास्टिक मिश्रण तयार होते. ते एकजीव मात्र क्वचितच होते. पॉलिफेनिलीन ऑक्साइड आणि पॉलिस्टायरीन ही मनापासून मिसळणारी जोडी अपवादच. बहुतेक जोड्यांत एकाचे थेंब दुसऱ्यात अडकून गोठतात. ते किती बारीक, गोल की लांबट, हे यंत्रात ठरते. म्हणून घटकांचे प्रमाण तेच ठेवूनही माल वेगळा निघू शकतो.

एक्स्ट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा, स्क्रू थेंब फोडू पाहतो, पृष्ठताण त्यांना गोल राखू पाहतो. ही रस्सीखेच ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३४ मध्ये इमल्शनांसंदर्भात (एका द्रवात दुसऱ्याचे थेंब) मांडली. थेंबाची श्यानता (दाटपणा) भोवतालच्या द्रवाच्या सुमारे चौपट झाली की केवळ कर्तनाने (थर एकमेकांवरून सरकल्याने) तो फुटत नाही, जागच्या जागी गरगरत राहतो. ताणणारा प्रवाहच त्याला तोडू शकतो. तापमान वाढवल्यावर दोन्ही घटक सारखेच पातळ होत नाहीत, त्यामुळे श्यानतांचे हे गुणोत्तर बदलते. स्क्रूचा वेग वाढवणे हाही हमखास उपाय नाही : घर्षणाने वितळलेला रस तापतो, साखळ्या तुटतात. शिवाय फुटलेले थेंब वितळलेल्या अवस्थेत रेंगाळले तर पुन्हा जुळतात. त्यांना आवर घालायला संयोजक, म्हणजे दोन्ही घटकांना धरून ठेवणारा पदार्थ, लागतो. उदाहरणार्थ, नायलॉनमध्ये मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले रबर.

बारीक थेंब म्हणजे चांगले मिश्रण, ही समजूत मात्र अर्धीच खरी. रबराने चिवट केलेल्या नायलॉनला ती लागू पडते. उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनच्या इंधनटाकीत नेमके उलट हवे असते. तेथे थोडे नायलॉन हलक्या हाताने मिसळतात, म्हणजे त्याचे चिरोट्यासारखे पापुद्रे राहतात आणि पेट्रोलच्या वाफेची वाट अडते. जास्त घोटले की पापुद्र्यांचे थेंब होतात आणि टाकी झिरपू लागते.

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये (वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भरताना) एकाच वस्तूत दोन रचना दिसतात : साच्याच्या थंड भिंतीलगत ताणलेले थेंब, गाभ्यात गोलसर. रसाचे दोन प्रवाह भेटतात ती जोडरेषा बहुधा सर्वांत कमजोर. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस (रबर असलेले चिवट प्लास्टिक) यांच्या मिश्रणात अडचण वेगळीच. दाणे नीट सुकवले नाहीत तर ओलाव्याने पॉलिकार्बोनेटच्या साखळ्या तुटतात. रस फार तापला तर एबीएसमधले रबर बिघडते. वस्तू कधीकधी दिसायला निर्दोष असते, पण हातातून पडली की तडकते.