पेरी ग्रीनचं शेतघर आणि बार्न: स्टुडिओ-घरामागची पार्श्वभूमी

1940 साली लंडनवर बॉम्बहल्ले सुरू झाले, तेव्हा शिल्पकार हेन्री मूर यांच्या हॅम्पस्टेडमधल्या स्टुडिओचं नुकसान झालं. मूर आणि त्यांची पत्नी इरिना हर्टफर्डशरमधल्या पेरी ग्रीन या खेड्यात आले. 'हॉगलंड्स' या जुन्या शेतघराचा काही भाग त्यांनी आधी भाड्याने घेतला, पुढे घर विकतच घेतलं. 1986 साली मृत्यू होईपर्यंत मूर तिथेच राहिले. राहतं घर मधे आणि भोवती कामाच्या जागा, असा तो पसारा वाढत गेला.

तिथला बार्न, म्हणजे धान्याचं जुनं कोठार, मात्र मूळचा तिथला नाही. सोळाव्या शतकातला हा लाकडी सांगाडा दुसऱ्या ठिकाणाहून सोडवून आणला आणि 1980 मध्ये पेरी ग्रीनला पुन्हा उभा केला. हे शक्य झालं ते बांधणीमुळे. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, आणि दोन्हीतून आरपार ओकची मेख. मेखेची भोकं मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडत, म्हणजे मेख ठोकताच सांधा आवळला जाई. मेख निमुळती असते, म्हणून ती बारीक टोकाकडूनच बाहेर काढावी लागते. उलटीकडून घाव घातला तर लाकूड चिरतं. प्रत्येक सांध्यावर जुन्या सुतारांनी पटाशीने रोमन आकडे कोरलेले असतात. चार लिहायचे तर चार उभ्या रेघा. या खुणांची नोंद न करता सांगाडा सोडवला, तर खांब कुठल्या तुळईचा हे शोधण्यात महिने जातात.

इंग्लंडचा बार्न म्हणजे खळं आणि कोठार एकाच छपराखाली. मधल्या फरशीवर मळणी होई. समोरासमोरचे दोन उंच दरवाजे उघडले की वारा आरपार वाहे आणि उफणणी होई. भिंतींना खिडक्या जवळजवळ नसतच. यंत्राने मळणी होऊ लागली तशी ही फरशी रिकामी पडली आणि एवढी उंच, मोकळी जागा कलाकारांच्या नजरेत भरली.

पण अडचण उजेडाचीच. शिल्पाला भरपूर दिवसाचा उजेड लागतो. मूर छोट्या नमुन्यांवरून मोठी शिल्पं घडवायचे ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या स्टुडिओत. बार्नमध्ये लागली ती त्यांच्या रेखाचित्रांवरून वेस्ट डीन कॉलेजात विणलेली भित्तिवस्त्रं. रंगीत लोकरीला सुमारे 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश सोसत नाही, त्यामुळे इथे अंधारच कामी आला. आमच्या मते जुन्या बार्नचा याहून समजूतदार उपयोग क्वचितच दिसतो.

इतरत्र उजेडासाठी छप्पर कापतात. त्याऐवजी मळणीच्या दरवाजांच्या जागी काच बसवावी, सांगाड्याला हात लावावा लागत नाही. डोकं लागतं म्हणून आडवी तुळई कापणं तर सगळ्यात घातक, कारण छपराचा बाहेरचा रेटा तीच धरून ठेवते. ती गेली की भिंती हळूहळू फाकतात. दुसरी चूक सिमेंटची. तळाच्या ओक तुळईला सिमेंटचा गिलावा लावला की आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि ती आतून कुजते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. थंडीसाठीचा थर सांगाड्याच्या बाहेरून, फळ्यांच्या आत द्यावा. थर आणि फळ्यांच्या मधे हवा खेळायला साधारण 50 मिलिमीटरची पोकळी सोडली, की आतून ओक उघडा आणि कोरडा राहतो.

इंग्लंडमध्ये संरक्षित वारसा म्हणून सरकारी सूचीत असलेल्या इमारतीत असे बदल करायला 1968 च्या कायद्यापासून वेगळी परवानगी लागते.