प्यायला सोपे कप आणि वाडगे

कप, पेला, मग किंवा वाडगा तोंडाला, मानेला आणि हाताला सोपा जावा म्हणून त्याचा आकार, काठ, कान, वजन आणि आतला उतार विचार करून ठरवणं, असा हा विषय आहे. ऐकायला छोटा वाटतो, पण अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणारा माणूस, हात थरथरणारी आजी, मानेला कॉलर लावलेला पेशंट, कमी दिवसांचं बाळ, या सगळ्यांचं दिवसभरातलं पाणी पोटात जातं की नाही हे बऱ्याचदा याच गोष्टीवर ठरतं. आणि धडधाकट माणसालाही वाईट कपाचा त्रास होतोच, फक्त तो आपण अंगवळणी पाडून घेतलेला असतो. कपाचा विचार लोक कानापासून सुरू करतात, माझ्या मते तो मानेपासून सुरू व्हायला हवा.

मान आणि कलण्याचा कोन

सरळ उभ्या भिंतीचा पेला घ्या, ७ सेमी रुंद आणि १० सेमी खोल. काठोकाठ भरलेला असेल तर जरासा कलवला की पाणी ओठाशी येतं. पण निम्मं संपेपर्यंत तो साधारण ५५ अंश कलवावा लागतो आणि शेवटचा घोट घ्यायला जवळजवळ ९० अंश, म्हणजे पेला आडवाच. एवढा कलला की पेल्याचा पलीकडचा काठ नाकावर येऊन आपटतो, मग पुढे कलवायला जागाच राहत नाही म्हणून माणूस डोकं मागे टाकतो. हे आपण इतकं नकळत करतो की लक्षातही येत नाही.

ज्याचं गिळणं बिघडलंय त्याच्यासाठी मात्र इथेच धोका असतो. डोकं मागे गेलं की पातळ पाणी जिभेच्या ताब्यात न राहता आपल्याच वजनाने घशाकडे धावतं, गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आधीच तिथे पोचतं आणि श्वासनलिकेत शिरू शकतं, ठसका लागतो, आणि काहींना तर ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसाकडे जातं. म्हणून स्ट्रोक, पार्किन्सन्स, डोक्या-मानेचा कॅन्सर अशा पेशंट्सना स्पीच थेरपिस्ट पुष्कळदा डोकं सरळ किंवा हनुवटी किंचित खाली ठेवून प्यायला सांगतात. कुणाला कोणती स्थिती चालेल हे तपासणीनंतरच ठरतं, सगळ्यांना एकच नियम नाही.

आता उपाय. सर्वात सरळ उपाय म्हणजे नाकासाठी खाच असलेला कप, पलीकडच्या काठाचा अर्धगोल तुकडा काढून टाकलेला. कप कलतो, नाक खाचेत जातं, डोकं जागेवर राहतं. यात एक गफलत वारंवार होते, भरवणाऱ्याला वाटतं खाच ओठासाठी आहे आणि कप उलटा धरला जातो. खाच कायम नाकाच्या बाजूला असते, ओठ लागतो तो उंच काठाला. खाचेच्या वर कप भरताही येत नाही, म्हणून भरताना थोडं कमीच भरायचं.

दुसरा उपाय आतल्या उताराचा, आणि मला हाच जास्त आवडतो कारण बाहेरून काही कळतच नाही. भिंत उभी असेल तर कप पूर्ण रिकामा करायला ९० अंश लागतात, पण भिंत बाहेरच्या बाजूला २० अंश झुकलेली असेल तर ७० अंशांत काम होतं, ३० अंश झुकलेली असेल तर ६०. हिशोब इतका सोपा आहे. म्हणून काही कप बाहेरून साधा मग दिसतात पण आतली पोकळी नरसाळ्यासारखी निमुळती असते, सगळं पेय मधोमध खाली जमतं आणि कमी कलवून ओठाशी येतं. दोन भिंतींमधल्या पोकळीमुळे पेय गरमही राहतं. तिरका कप हा याचाच भाऊबंद, एका बाजूला झुकलेला आणि दोन कानांचा, लहान मुलांना शिकवताना चांगला, कारण मुलाला आतलं पेय ओठाकडे येताना दिसतं.

हात थरथरणाऱ्या माणसाला आपण सांडू नये म्हणून अर्धाच ग्लास भरून देतो. भावना चांगली असते, पण त्या अर्ध्या ग्लासात पहिल्याच घोटाला ५५ अंश कलवावं लागतं, म्हणजे मानेचा सगळा त्रास पहिल्यापासूनच. त्यापेक्षा लहान आणि बुटका कप देऊन तो जवळजवळ भरून दिलेला बरा.

मग सगळे कप पसरटच का नाहीत

कारण घोटाचं माप. १२ सेमी रुंद आणि ५ सेमी खोल सरळ भिंतीच्या भांड्यात निम्मं पेय साधारण २३ अंशांवरच संपतं, मान अजिबात वळवावी लागत नाही, म्हणजे पसरट भांडं जिंकलंच म्हणायचं. पण काठोकाठ भरलेला ७ सेमीचा पेला ५ अंश कलवला तर सुमारे १२ मिली बाहेर येतं, आणि १२ सेमीच्या भांड्यातून तेवढ्याच कलण्याला सुमारे ५९ मिली. पहिला एक घोट झाला, दुसऱ्याने शर्ट भिजला. रुंदी दुप्पट केली तर बाहेर येणारं पेय दुप्पट नाही तर ८ पट होतं. म्हणूनच वाडगा दोन्ही हातांनी, हळू आणि काठोकाठ न भरता प्यायचा असतो, आणि म्हणूनच चांगल्या वाडग्याचा काठ ओठाशी किंचित बाहेर वळलेला पण खालची भिंत जरा उभी असते, म्हणजे पेय एकदम लोटत नाही.

प्यायची बसण्याची पद्धत बदलली की भांडंही बदलतं याचं जुनं उदाहरण म्हणजे प्राचीन ग्रीसमधलं कायलिक्स, खूप उथळ, पसरट, खाली दांडी आणि दोन बाजूंना दोन आडवे कान. मेजवानीत लोक कोपरावर टेकून, आडवे पडून वाइन प्यायचे आणि अशा स्थितीत खोल पेला रिकामा करणं अवघड, उथळ भांडं मात्र थोड्या कलण्यात रिकामं होतं.

ज्यांना मोठा घोट धोक्याचा आहे त्यांच्यासाठी मोजून घोट देणारे कपही मिळतात, प्रोव्हेल नावाच्या कपात एका वेळी ५ किंवा १० मिलीच बाहेर येतं. पुन्हा घोट घ्यायचा तर कप सरळ करून परत कलवावा लागतो, म्हणजे मधे आपोआप गिळायला वेळ मिळतो. घशाकडे एकदम धावू नयेत म्हणून मुद्दाम घट्ट केलेल्या पेयांचं गणित आणखी वेगळं. आंतरराष्ट्रीय इड्सी मापात पेयांना ० ते ४ असे स्तर आहेत, ० म्हणजे पाण्यासारखं पातळ आणि ४ म्हणजे जवळपास पुडिंगसारखं. स्तर वर गेला की अरुंद कपाच्या भिंतीला पेय चिकटून राहतं, तिथे रुंद तोंड आणि आतला उतार दोन्ही हवेत, आणि ४ च्या पेयाला तर चमचाच बरा.

काठ

ओठाला लागणारा भाग हा, त्यामुळे त्यात केलेली कंजुषी लगेच जाणवते. जाड गोल काठावरून घोट घेतला की शेवटचा थेंब तुटत नाही, तो काठाला चिकटून बाहेरच्या भिंतीवरून ओघळतो आणि हनुवटीवर येतो. किटलीच्या चोचीखालून चहा ओघळतो तोच हा प्रकार, १९५६ साली मार्कुस राइनर यांनी त्याला टीपॉट इफेक्ट असं नाव दिलं आणि १९५७ मध्ये जोसेफ केलर यांनी हवेच्या दाबातून त्याचं कारण मांडलं. पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभाग पाण्याने किती भिजतो यालाही खूप महत्त्व आहे, पाणी अजिबात न धरणारा थर दिला तर ओघळणं थांबतं. कप बनवणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की काठ पातळ हवा, त्याची बाहेरची कड जरा स्पष्ट हवी पण आतली कड आणि माथा गुळगुळीत, आणि भांडं हळू कलवल्यावर जो ओघळ येतो तो तपासायचा, जोरात ओतून नाही, कारण वेग कमी असला की ओघळ वाढतो.

पण ज्याचा ओठ एका बाजूने लुळा पडलाय किंवा जो काठ दातांनी चावतो त्याला पातळ काचेचा काठ देणं चुकीचंच, तिथे थोडा जाड, मऊ, सिलिकॉनचा काठ लागतो.

गरम पेयाला धातूचा काठ ओठ भाजतो, कारण स्टील काचेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतं. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मग हाताला गार लागतो तरी काठाशी दोन्ही भिंती जुळलेल्या असतात, तिथे तो गरम होऊ शकतो.

हात

भरलेला साधा चिनीमातीचा मग उचलणं म्हणजे जवळजवळ अर्धा किलो उचलणं, आणि त्यात निम्म्याहून जास्त वजन मगाचंच असू शकतं. संधिवात असलेल्या हाताला एका बोटाचा नाजूक कान म्हणजे शिक्षा, सगळा भार एकाच सांध्यावर येतो. कान चार बोटं जातील एवढा मोठा, कपाच्या अंगापासून बोटं भाजणार नाहीत इतका लांब, आणि वजनाच्या मध्यापाशी हवा. दोन कान असले की भार वाटला जातो. काही कपांचा कान फिरता असतो, हात वाकडा झाला तरी कप स्वतःच्या वजनाने सरळ राहतो.

हिंदकळण्याचं कारणही मोजता येतं. नेहमीच्या कपातलं पेय स्वतःच्या तालात सेकंदाला साधारण ३ ते ४ वेळा हलतं, आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की चालण्याचा ताल आणि त्यातले बारीक हिसके याच्या जवळ येतात, म्हणून कॉफी घेऊन चाललं की ती सांडते. पार्किन्सन्सचा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा असतो, म्हणजे तोही फार लांब नाही. कप अरुंद केला की पेयाचा ताल जलद होतो, रुंद केला की मंद. बूड जड केल्याने टेबलावर कप लवंडत नाही, पण तेच वजन उचलायला जड जातं, त्यामुळे जड कप कुणाला बरा आणि कुणाला नको हे हातात देऊनच बघावं लागतं.

वाडग्याला कान नसतो, त्याचं काम बुडाची बैठक करते. बोटं बैठकीखाली, अंगठा काठावर, आणि गरम भिंतीला फार हात लावावा लागत नाही. बैठक जेमतेम असली की बोटं खाली जातच नाहीत. असे पुष्कळ वाडगे दिसायला सुंदर आणि धरायला नकोसे असतात.

डोळा

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला पांढऱ्या टेबलावरचा पांढरा कप दिसतच नाही असं होऊ शकतं. २००४ मध्ये बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात प्रगत अल्झायमर्स असलेल्या रुग्णांना ठळक लाल भांडी दिल्यावर त्यांचं पेय पिणं ८४ टक्के आणि खाणं २५ टक्के वाढलं. रुग्ण मोजकेच होते, पण रंग बदलायला फार काही लागत नाही, त्यामुळे करून बघावं. तैवानी डिझायनर शा याओ यांनी आजीच्या आजारपणातून बनवलेल्या ईटवेल या संचात ठळक रंग, रुंद रबरी बूड आणि टेबलापर्यंत खाली आलेला कान हे सगळं एकत्र आहे.

चोच, झाकण आणि नळी

बहुतेक घरांत आणि वॉर्डांत त्रास सुरू झाला की पहिली धाव चोचीच्या झाकणाकडे जाते, आणि मला हे खटकतं. चोच सांडणं थांबवते हे खरं, पण पेय ओठ ओलांडून थेट जिभेच्या मागच्या भागात सोडते, शेवटी डोकंही मागे न्यावं लागतं आणि मोठ्या माणसाच्या हातात लहान मुलाचा कप येतो. ते त्याला कळत असतं. अनेक जण त्यामुळेच पाणी मागायचं टाळतात. नळीचं जरा बरं, डोकं सरळ राहतं, पण ओढायला ताकद लागते, आणि पेय वर चढून राहील अशी एकेरी झडप नळीत असली तर ते श्रम कमी होतात.

उघड्या कपाची ओळख लहान मुलांना ६ महिन्यांच्या आसपास, वरचं अन्न सुरू होताना करून द्यावी असा सल्ला दिला जातो. न सांडणाऱ्या झडपेच्या कपात मूल पीत नाही, चोखतं, ती वेगळी क्रिया आहे. स्तनपान जमत नसलेल्या कमी दिवसांच्या बाळांना तर कपानेच दूध देता येतं, त्यात दूध ओतायचं नसतं, काठ ओठाला टेकवून ठेवायचा आणि बाळ जिभेने चाटून घेतं. बोंडल्याच्या आणि छोट्या कपाच्या या कल्पनेवर सियाटलमध्ये निफ्टी नावाचा मऊ सिलिकॉनचा कप तयार झाला, त्याच्या टोकाशी छोटी खळगी आहे, तिथे थोडंच दूध येतं आणि बाळ आपल्या वेगाने घेतं.

बाहेर नेण्याच्या कॉफीच्या कागदी कपावरच्या उंच झाकणाचाही इथे उल्लेख हवा, १९८० च्या दशकात जॅक क्लेमेंट्स यांनी सोलो कंपनीसाठी केलेलं. त्यात नाकाला आणि वरच्या ओठाला जागा आहे आणि हवा आत जायला बारीक भोक, नाहीतर पेय अडखळत येतं.

गुरुत्वाकर्षण नसेल तर

अंतराळात कप कलवून काही होत नाही. २००८ मध्ये अंतराळवीर डॉन पेटिट यांनी प्लास्टिकच्या पातळ पत्र्याला एका बाजूला टोकदार कोपरा देऊन कप केला, कोपरा पुरेसा अरुंद असला की पेय भिंतींना धरून आपोआप ओठापर्यंत सरकतं. पुढे मार्क वाइसलोगेल आणि इतरांसोबत त्याचा पक्का आकार ठरला आणि २०१५ मध्ये अंतराळ स्थानकावर तसे कप तपासले गेले. इथे मान, कोन, वजन सगळं गळून पडलं आणि उरला फक्त काठ आणि कोपरा.

धुणं

डिझाइन करताना हे सगळ्यात शेवटी आठवतं, खरं तर ते आधी यायला हवं. झडपा, सिलिकॉनच्या कड्या, फिरत्या कानाचे सांधे, झाकणाच्या आतली खाच, इथे दूध आणि घट्ट पेय अडकतं आणि बुरशी धरते. प्रत्येक भाग हाताने सुटा होतो का, ब्रश शिरतो का आणि उकळत्या पाण्यात चालतो का हे विकत घेतानाच बघावं. आतून निमुळत्या कपाच्या दोन भिंतींमध्ये चिरेतून पाणी शिरलं तर ते बाहेर काढता येत नाही, असा कप हलवून पाहिला की आत आवाज येतो, आणि तो वापरातून काढावा.