कासव भांड्याएवढंच वाढतं?

"भांडं लहान ठेवा, कासवही लहानच राहील" असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. घरी पाळायला आणतात ते कानाजवळ लाल पट्टा असलेलं नाण्याएवढं पिल्लू म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव. त्याची मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते. भांड्यात वाढ खुंटली तर ते आजारपण असतं. कवच मऊ पडतं, घाण पाण्यानं डोळे सुजून मिटतात. बघवत नाही हो ते!

कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी, दमदार फिल्टर आणि अंग पूर्ण कोरडं होईल असा दगड हवाच. दगडावर यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील किरण) देणारा दिवा लावा. बंद खिडकीतलं ऊन पुरत नाही: काच नेमके तेच किरण अडवते आणि त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.