दोन घास

आजोबांच्या शेवटच्या आठवड्यात आजी कडक भाकरी दुधात कुस्करून वाटी घेऊन उशाशी बसायची. "दोन घास तरी खावा की हो." ते तोंड फिरवायचे. साखर पेठेतल्या त्या घरात सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. मी विषय काढला तेव्हा काका म्हणाले, "अभद्र बोलू नगंस, वास्तू तथास्तु म्हणती."

त्या गप्प राहण्यापायी आजोबांना उगाच त्रास झाला, असं मला आज स्पष्ट वाटतं. मरण जवळ आलं की भूक आपोआप मावळते. आतड्यांची हालचाल मंदावते, अन्न पचत नाही. गिळण्याचे स्नायू थकलेले असतात, म्हणून बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. माणूस खात नाही म्हणून जात नसतो. तो निघालेला असतो, म्हणून खात नाही. सलाईनचंही तेच. मूत्रपिंडं थकली की ते पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचतं.

मग घशात घरघर सुरू होते. गिळता न आलेली लाळ तिथे साठते, एवढंच. तोवर रोग्याची शुद्ध बहुधा हरपलेली असते. ती घरघर ऐकवत नाही ती आपल्याला. श्वास खोल होत जातो, पुन्हा उथळ होतो, काही सेकंद थांबतोच. जॉन चेन यांनी 1818 मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी 1854 मध्ये या श्वासाचं वर्णन केलं. त्याला आजही या दोघांचं नाव आहे.

ऐकणं मात्र बराच काळ टिकत असावं. कॅनडातल्या संशोधकांनी मरणासन्न रोग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा प्रतिसाद न देणाऱ्यांपैकी काहींचा मेंदू आवाजांची दखल घेत होता. हा अभ्यास 2020 चा. म्हणून उशाशी दागिन्यांची, वाटण्यांची चर्चा नको.

व्हेंटिलेटर नको असेल तर तसं आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ही मुभा दिली, 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

शेवटी घरी येणाऱ्या नर्सताईंनीच आजीच्या हातातली वाटी काढून घेतली. "आजी, आता त्यांना भूक न्हाई. ओठ तेवढे ओले ठेवा." आजीने देवघरातलं गंगाजल आणलं, तुळशीचं पान त्यात बुडवून आजोबांच्या ओठांवरून फिरवलं, आणि कानाशी वाकून पहिल्यांदाच म्हणाली, "जावा तुम्ही. मी हाय इथं पोरांजवळ."