हृदयविकाराची औषधे आणि त्वचेवरील दुष्परिणाम

हृदयविकार व रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे त्वचेवर उमटणारे पुरळ, डाग, सूज किंवा रंगबदल. विदर्भाच्या खेड्यांत ते उशिरा ओळखू येतात. वावरात राबणाऱ्याच्या अंगाला खाज सुटायला ऊन, घामोळे, फवारणी, गाजर गवत अशी निमित्ते हजर असतातच. गोळीवर संशय जात नाही.

उन्हाने बाधणाऱ्या गोळ्यांत दोन महत्त्वाच्या: लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि ठोक्यांची लय सावरणारी ॲमिओडॅरोन. दोन औषधे एकत्र असलेल्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात बहुतेकदा हायड्रोक्लोरोथायाझाइड असते. पुरळ कुठे आहे ते आधी पाहावे. गोळी व ऊन यांमुळे आलेले पुरळ कपाळ, नाक, गळ्याचा उघडा त्रिकोण आणि हातांची वरची बाजू धरते. पापण्या, हनुवटीखालची आणि कानामागची जागा बहुधा सुटते. गाजर गवताचे सूक्ष्म कण मात्र पापण्यांवर, मानेच्या आणि कोपराच्या घड्यांतही बसतात. ॲमिओडॅरोनला बाधणारे किरण काचेतूनही येतात, त्यामुळे एसटीच्या बंद खिडकीशी बसूनही चेहरा भाजल्यासारखा होतो. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास चेहरा निळसर-करडा पडू शकतो. औषध चरबीत साठत असल्याने ती थांबवल्यावरही रंग उतरायला महिने, कधी वर्षे लागतात. उन्हापासून बचावाला विरळ विणीच्या दुपट्ट्यापेक्षा घट्ट विणीचा, गडद दुपट्टा बरा.

रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन या गोळीने संध्याकाळी घोटे सुजतात. बारीक रोहिण्या सैल होतात, शिरा तितक्या होत नाहीत आणि पाणी ऊतींत झिरपते. १० मिलिग्रॅमवर हे अधिक दिसते. लघवीच्या गोळीने फारसे उतरत नाही. अशा सुजेवर बिब्बा लावू नये, फोड येऊन जखम चिघळते. (घोटे सुजण्यामागे हृदय किंवा मूत्रपिंडही असू शकते, म्हणून तपासणी हवीच.)

एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी ओठ किंवा जीभ सुजणे ही तातडीची बाब आहे. गोळी वर्षभर सोसलेली असली तरी हे घडते. खाज नसते, अंगावर पित्त उठल्यावर घेतात त्या गोळीने सूज उतरत नाही. पुढचा डोस न घेता १०८ला फोन करावा.

रक्त गोठू न देणाऱ्या ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलने जरा लागले तरी काळेनिळे डाग पडतात. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्याने त्या डागांना भिऊन गोळ्या परस्पर सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब पुरळ तात्पुरते दाबते आणि निदान लांबवते. डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची सगळी पाकिटे सोबत न्यावीत.