खाणकामगारांचे संप : सभाबंदी आणि गरीबसाहाय्यावरील निर्बंध (ब्रिटन)

संपाच्या काळात कामगारांच्या जाहीर सभांवर घातलेली बंदी आणि त्यांच्या कुटुंबांना सार्वजनिक निधीतून मिळणाऱ्या मदतीवर आणलेली मर्यादा, या दोन शासकीय उपायांचा एकत्र विचार मुख्यतः १९२६ साली ब्रिटनच्या कोळसा खाणींत झालेल्या सात महिन्यांच्या लढ्याच्या संदर्भात करावा लागतो. सभाबंदीचा अधिकार गृहमंत्र्यांकडे होता आणि त्याला १९२० च्या कायद्याचा आधार होता. गरीबसाहाय्य आरोग्यमंत्र्यांच्या देखरेखीखाली होते आणि त्याची मुळे १८३४ च्या गरीब कायद्यात होती. दोन्हींपैकी एकाही कायद्याने संप करणे गुन्हा ठरवलेले नव्हते. तरीही संप टिकवायला जे लागते, म्हणजे एकत्र जमण्याची मोकळीक आणि घरची चूल, त्या दोन्हींवर एकाच वेळी शासनाचा हात पडला.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश कोळशाची निर्यात घसरली होती. १९२५ च्या जुलैअखेरीस सरकारने खाणउद्योगाला नऊ महिन्यांसाठी अनुदान देऊन संघर्ष पुढे ढकलला. ३० एप्रिल १९२६ रोजी अनुदान संपले आणि खाणमालकांनी कमी मजुरीच्या अटी पुढे केल्या. त्या नाकारणाऱ्या सुमारे दहा लाख कामगारांना खाणींचे दरवाजे बंद झाले. ‘मजुरीत एक पेनीही कमी नको, कामात एक मिनिटही जास्त नको’ ही खाणकामगार महासंघाचे सचिव ए. जे. कुक यांची घोषणा या काळात घरोघर पोहोचली होती. खाणकामगारांना पाठिंबा म्हणून इतर उद्योगांतील कामगारांनी पुकारलेला सार्वत्रिक संप १२ मे रोजी मागे घेण्यात आला. खाणकामगार मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत एकटे लढत राहिले. काटेकोरपणे पाहता हा संप नव्हता, मालकांनी केलेली टाळेबंदी होती. लोकव्यवहारात हा भेद फारसा पाळला जात नाही; गरीबसाहाय्याच्या कायद्यानेही तो पाळला नाही, आणि त्याचे परिणाम पुढे दिसतात.

सभाबंदीला आधार होता तो आणीबाणी अधिकार कायद्याचा. ऑक्टोबर १९२० मध्ये खाणकामगारांचा संप चालू असतानाच तो संमत झाला आणि १९२१ च्या खाण टाळेबंदीत प्रथम वापरला गेला. अन्न, पाणी, इंधन, प्रकाश किंवा दळणवळण यांत अडथळा येऊन लोकांच्या जगण्याला लागणाऱ्या वस्तू तुटतील अशी स्थिती असेल, तर राजाज्ञेने एक महिन्यापुरती आणीबाणी जाहीर करता येई आणि तिच्या आधारे सरकार नियम काढू शके. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी सात दिवसांत मान्यता दिली नाही तर ते नियम आपोआप रद्द होत. नियमभंगाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा शंभर पौंडांपर्यंत दंड होता. संपात भाग घेणे किंवा शांततेने दुसऱ्याला त्यात येण्यास सांगणे हा गुन्हा करणारा कोणताही नियम काढता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते. मात्र त्यासाठी सभा भरवण्याबद्दल कायदा गप्प होता, आणि नेमक्या याच मोकळ्या जागेत १९२६ ची सभाबंदी उभी राहिली.

१९२६ च्या नियमांतील २२ व्या क्रमांकाच्या नियमानुसार शांतताभंग होईल किंवा असंतोष वाढेल अशी भीती असल्यास सभा व मिरवणुकींना मनाई करता येत होती. हा अधिकार गृहमंत्र्यांना होताच, शिवाय त्यांच्या मान्यतेने तो स्थानिक दंडाधिकारी व मुख्य पोलीस अधिकारी यांनाही वापरता येई. आपल्याकडे जमावबंदीचे कलम ज्यांना परिचित आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल : घडलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा देण्याऐवजी घडू शकणाऱ्या गोष्टीच्या अंदाजावर आधी बंदी, आणि अंदाज बांधणारा अधिकारी स्थानिक. मे महिन्यातील सार्वत्रिक संपाच्या काळात हिंसा व चिथावणीच्या आरोपांखाली तीन हजारांहून अधिक खटले भरले गेले. सार्वत्रिक संप संपल्यावर नियम उठतील अशी अपेक्षा होती. पण खाणींतील लढा मिटेपर्यंत आणीबाणी दरमहा नव्याने जाहीर होत राहिली.

सभाबंदीची खरी धार शरद ऋतूत दिसली. इंग्लंडच्या मध्यभागातील, म्हणजे मिडलंड्सच्या कोळसा पट्ट्यांत उपासमारीला कंटाळून कामगार थोडेथोडे कामावर परतू लागले होते, आणि कुक गावोगाव भाषणे देऊन त्यांना पुन्हा बाहेर काढत होते. ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री विल्यम जॉइन्सन-हिक्स यांनी कोळसा पट्ट्यांतील मुख्य पोलीस अधिकाऱ्यांना सभाबंदीचे व्यापक अधिकार दिले. स्टॅफर्डशरमध्ये खुद्द कुक यांच्या सभांना मनाई झाली. मोठ्या शहरातील वृत्तपत्र वाचणाऱ्या कामगाराला बातमी अन्य मार्गांनीही मिळाली असती. पण विखुरलेल्या खाणवस्त्यांत शेजारच्या खाणीतले लोक टिकून आहेत की परतले, हे कळण्याची जागा म्हणजे सभाच होती. ती बंद झाल्यावर प्रत्येक वस्ती अफवांच्या भरवशावर राहिली, आणि अफवा बहुधा संपफोड्यांच्या बाजूच्या होत्या.

याच वर्षीचा एक खटला मुंबईशी संबंधित आहे. १८७४ साली मुंबईत जन्मलेले आणि जमशेटजी टाटा यांचे भाचे असलेले शापुरजी सकलातवाला त्या वेळी लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघाचे साम्यवादी खासदार होते. १ मे १९२६ रोजी हाइड पार्कमधील भाषणात त्यांनी सैनिकांना कामगारांवर गोळी न झाडण्याचे आवाहन केले. अटकेनंतर न्यायालयाने त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा मुचलका मागितला. तो देण्याचे नाकारून त्यांनी दोन महिन्यांची कैद पत्करली. येथे वापर झाला तो आणीबाणीच्या नियमांचा नव्हे, मुचलक्याच्या जुन्या कायद्याचा. वक्त्याला अडवण्यासाठी नव्या अधिकारांची गरज दरवेळी भासत नसे, हे या खटल्यावरून कळते.

दुसरा निर्बंध अधिक संथ आणि अधिक खोल होता. इंग्लंड व वेल्समध्ये गरीबसाहाय्य सहाशेहून अधिक स्थानिक पालक मंडळांमार्फत, म्हणजे निवडून आलेल्या ‘गार्डियन’ सभासदांमार्फत दिले जाई आणि त्याचा खर्च त्या त्या भागातील मालमत्तेवरील पट्टीतून निघे. संपकऱ्याला ही मदत द्यावी की नाही, याचा निकाल मर्थर टिडफिल प्रकरणात लागला होता. दक्षिण वेल्समधील १८९८ च्या खाण टाळेबंदीत तेथील मंडळाने धडधाकट खाणकामगारांना मदत दिली आणि हे प्रकरण न्यायालयात गेले. अपील न्यायालयाने १९०० साली सांगितले, की काम उपलब्ध असताना ते नाकारणारा धडधाकट पुरुष कायद्याच्या अर्थाने निराधार नाही. त्याच्या बायकामुलांना मात्र मदत देता येईल, आणि उपासमारीने तो स्वतः काम करण्यास असमर्थ झाला तर त्यालाही देता येईल. काम ‘उपलब्ध’ आहे म्हणजे मालकाच्या अटींवर उपलब्ध आहे, हे गृहीत धरलेले होते. दरवाजा कोणी बंद केला हा प्रश्न कायद्यापुढे आलाच नाही.

५ मे १९२६ रोजी, सार्वत्रिक संपाच्या दुसऱ्याच दिवशी, नेव्हिल चेंबरलेन यांच्या आरोग्य मंत्रालयाने सर्व मंडळांना ७०३ क्रमांकाचे परिपत्रक पाठवले. तंट्याच्या गुणदोषांशी मंडळांचा संबंध नाही, मर्थर टिडफिलचा निकाल पाळावा, आणि मदतीचे प्रमाण पत्नीसाठी आठवड्याला बारा शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड) व प्रत्येक मुलासाठी चार शिलिंगांपलीकडे जाऊ नये, असा त्याचा आशय होता. तटस्थतेची भाषा वापरणारे हे परिपत्रक प्रत्यक्षात तटस्थ राहणे शक्यच नव्हते. पत्नीच्या नावावर आलेल्या बारा शिलिंगांत नवऱ्याची भाकरीही निघायची, हे मंडळाला ठाऊक होते आणि मंत्रालयालाही. अविवाहित कामगाराला तर काहीच मिळत नव्हते. तो आईवडिलांच्या किंवा बहिणीच्या ताटात वाटेकरी होई. पैशांऐवजी दुकानाची चिठ्ठी देणे, मदत कर्जाऊ देणे आणि मुलांच्या शाळेतील जेवणाची किंमत मदतीतून वजा करणे हेही अनेक ठिकाणी चाले. दिवस जात गेले तसे कित्येक मंडळांनी दर आणखी खाली आणले.

ज्या मंडळांत मजूर पक्षाचे बहुमत होते त्यांनी उलट दिशा धरली. १९१८ च्या कायद्याने गरीबसाहाय्य घेणाऱ्यांना मतदानातून वगळण्याची जुनी अट गेली होती; त्यामुळे मदत घेणारेच मदत देणाऱ्यांना निवडतात, ही चेंबरलेन यांची मुख्य तक्रार होती. जुलै १९२६ मध्ये संमत झालेल्या कसूरदार पालक मंडळ कायद्याने मंत्र्याला निवडून आलेले मंडळ बाजूला सारून त्या जागी स्वतःची माणसे नेमण्याचा अधिकार मिळाला. पहिला घाव लंडनच्या पूर्व भागातील कर्जबाजारी वेस्ट हॅम मंडळावर बसला. ते कोळसा पट्ट्यात नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस डरहॅम परगण्यातील चेस्टर-ले-स्ट्रीटची पाळी आली. तेथील मंडळ खाणकामगारांच्या हाती होते आणि नियमाबाहेर मदत दिल्याचा त्याच्यावर आरोप होता. नेमलेल्या माणसांनी मदत झपाट्याने कमी केली. दक्षिण वेल्समधील बेडवेल्टी मंडळ फेब्रुवारी १९२७ मध्ये, म्हणजे लढा हरल्यानंतर बरखास्त झाले.

सार्वजनिक मदत आटत गेली तसा भार अन्नछत्रांवर आणि देणग्यांवर पडला. चर्च, सभागृहे आणि कामगार क्लबांच्या इमारतींत सामुदायिक चुली पेटल्या. मजूर पक्षाच्या मॅरियन फिलिप्स यांच्या पुढाकाराने चाललेल्या महिला समितीने खाणकामगारांच्या बायकामुलांसाठी तीन लाख पौंडांहून अधिक निधी गोळा केला. सोव्हिएत संघातील कामगार संघटनांकडून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम आली आणि तिच्यावरून संसदेत बरेच वादंग माजले. तरीही दहा लाख कामगारांच्या मानाने ही रक्कम प्रत्येकी आठवड्याला जेमतेम एका शिलिंगाच्या आसपास होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस खाणकामगार जिल्हावार करारांवर, कमी मजुरीवर आणि बहुतेक ठिकाणी जास्त तासांवर कामावर परतले. कर्जाऊ दिलेल्या मदतीचे हप्ते नंतर कित्येक वर्षे त्यांच्या कमाईतून वसूल होत राहिले. सहानुभूतीच्या संपांवर १९२७ च्या कायद्याने बंदी घातली. पालक मंडळे १९२९ च्या स्थानिक शासन कायद्याने संपुष्टात येऊन १ एप्रिल १९३० पासून त्यांची कामे परगणा परिषदांकडे गेली.

१९८४-८५ च्या खाणकामगार संपात दोन्ही उपाय नव्या रूपात आले. १९८० च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानुसार संपकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या साहाय्यातून ठरावीक रक्कम ‘संघटनेकडून मिळालेला संपभत्ता’ समजून कापली जाई, भत्ता प्रत्यक्षात मिळो वा न मिळो. १९८४ मध्ये ती आठवड्याला पंधरा पौंड होती. अविवाहित संपकरी या वेळीही वगळलेलाच राहिला. सभांवर सरसकट बंदी मात्र नव्हती. त्याऐवजी पोलिसांनी रस्ते रोखले : मार्च १९८४ मध्ये केंटमधून उत्तरेकडे निघालेल्या खाणकामगारांना थेम्स नदीखालच्या डार्टफर्ड बोगद्यापाशीच परत फिरवण्यात आले, आणि नॉटिंगहॅमशरमधील अशाच अडवणुकीला न्यायालयाने १९८५ साली वैध ठरवले. १९२० चा आणीबाणी कायदा २००४ च्या नागरी आपत्ती कायद्याने रद्द झाला. नव्या कायद्यातील बंधन संपात भाग घेण्यापुरते थांबत नाही. संपाशी निगडित कोणत्याही कृतीला मनाई करणारा नियम आणीबाणीतही काढता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे.